सतरा नंबरचा चेंडू

बार्कर्स लँडिंग,
२४ ऑगस्ट १८५८

हॅल्सियन बेसबॉल क्लबचे चिटणीस श्री. कॉर्नेलियस व्हॅन आल्स्ट यांना,

शनिवारी तुम्ही आमच्याकडून जिंकून नेलेल्या चेंडूला काय काय लागलं, ते आधी लिहितो. एका जुन्या रबरी बुटाच्या तीन पट्ट्या. त्यांच्यावर ओली करून ताणून गुंडाळलेली मूठभर लोकर. घोड्याच्या कातड्याचा एक तुकडा, संत्र्याच्या सालीसारखा चार पाकळ्यांत कापलेला. मेण लावलेल्या दोऱ्याचे शहाण्णव टाके. आणि माझ्या दोन दुपारी. याहून जास्त काही नाही.

चौतीस विरुद्ध एकवीस म्हणजे तुम्ही सरळ जिंकलात. जिंकणाऱ्याने चेंडू न्यायचा हेही बरोबरच. पण त्या चेंडूची शिवण कच्ची राहिली आहे. मी खोगिरं शिवून पोट भरतो. माझ्या हातचा कच्चा टाका दुसऱ्या गावात काचेमागे लोकांनी बघावा, हे मला बरं वाटत नाही. या पत्राबरोबर सकाळच्या बोटीने दोन नवे चेंडू पाठवले आहेत. दोन्ही त्याहून चांगले आहेत. ते ठेवून घ्या आणि तो एक परत करा, एवढी विनंती.

एनॉक व्हिटलॉक
ॲन्व्हिल क्लब


ॲशकिल,
२८ ऑगस्ट

प्रिय व्हिटलॉक,

तुमचं पत्र काल क्लबात वाचून दाखवलं. हसून हसून आमच्या अध्यक्षांच्या कोटाचं बटण तुटलं. राग मानू नका. शिवण कच्ची म्हणता? अहो, आमच्या हॉर्नबेकने तो चेंडू तुमच्या कुरणापलीकडे चार वेळा धाडला, एकदा तर तुमच्या पाद्रीबुवांच्या भोपळ्यांत! तिथेच त्याचं आतडं बाहेर पडलं नसतं का?

मी धान्याचा व्यापारी आहे. याच धक्क्यावर पाठीवर गोण्या वाहिल्या, आता त्याच धक्क्यावर माझं गोदाम आहे. गव्हात मूठ घातली की शेत कुणाचं ते सांगतो. तेव्हा मला वाटतं, तुमच्या पत्रात वर गहू आहे आणि खाली दुसरंच काही. खरं सांगा, आत शिसं तर नाही भरलंत? तसं असेल तर धन्य तुमची, इतका जड चेंडू करूनही तेरा धावांनी हरलात!

तुमचे दोन्ही चेंडू याच बोटीने परत पाठवतो आहे. पोरं म्हणत होती ठेवून घेऊ, सरावाला होतील. मी म्हटलं, छे, न जिंकलेली वस्तू हॅल्सियनमध्ये राहत नाही. जिंकलेला चेंडू आमचे कप्तान स्वतः रंगाऱ्याकडे घेऊन गेले आहेत. सोनेरी होऊन, तारीख आणि धावा लिहून आला की कपाटात. आमचं कपाट अक्रोडाच्या लाकडाचं आहे, एकदा येऊन बघाच.

तुमचा,
कॉ. व्हॅन आल्स्ट

ता. क. तुमच्याकडच्या जेवणातलं हॅम अजून जिभेवर आहे.


बार्कर्स लँडिंग,
१ सप्टेंबर

श्री. व्हॅन आल्स्ट,

आत शिसं नाही.

एक विचारतो. परतीचा सामना व्हायचाच आहे. त्यात नव्या चेंडूबरोबर तोही पणाला लावता येईल का? असा रिवाज नाही, मला माहीत आहे. पण तुमच्या सभासदांनी ठरवलं तर नियमात त्याला बंदीही नाही. मी नियमांची छापील पुस्तिका दोनदा वाचली.

आम्ही हरलो तर पुन्हा या विषयावर लिहिणार नाही.

ए. व्हिटलॉक


ॲशकिल,
१० सप्टेंबर

प्रिय व्हिटलॉक,

झालं तुमच्या मनासारखं. तास-दीड तास भांडण झालं. एक जण म्हणाला, "उद्या ते येऊन अध्यक्षांची टोपी मागतील." मी म्हटलं, "मागू देत. ती तशीही त्यांना मोठी होते." शेवटी एकोणीस विरुद्ध चार. २ ऑक्टोबरला आमच्या मैदानावर या. जिंकलात तर दोन्ही चेंडू तुमचे.

तो काल रंगाऱ्याकडून आला. नुसता झळकतोय. त्याला सतरा नंबर दिला, माझ्या हाताने कपाटात ठेवला, आणि किल्ली माझ्या घड्याळाच्या साखळीला आहे. एक गोष्ट अभिमानाने सांगतो, व्हिटलॉक. सात वर्षांत या कपाटात आलेला एकही चेंडू बाहेर गेलेला नाही. क्लबाची खोली माझ्या गोदामातच आहे; परवा शेजारी आग लागली, तेव्हा मी हिशेबाच्या वह्या सोडून आधी कपाट बाहेर काढलं. घरी बायको अजून बोलत नाही. तेव्हा तयारीने या.

कॉ. व्हॅन आल्स्ट


ॲशकिल,
४ ऑक्टोबर

प्रिय व्हिटलॉक,

जेवणाला तुम्ही थांबला नाहीत. तुमच्या नावाची खुर्ची रिकामी ठेवून आम्ही कालवांचं सूप प्यालो. कुणाला भाषण करावंसं वाटलं नाही, आणि आमच्या क्लबात ही गोष्ट पहिल्यांदाच घडली.

मी बरंच काही बघितलं आहे, पण शनिवारच्यासारखं नाही. शेवटचा डाव. तुम्ही एका धावेने पुढे. आमचे तीनपैकी दोघे बाद, दोघे धावेत थांबायच्या गाद्यांवर, आणि हॉर्नबेक बॅट घेऊन उभा. त्याचा टोला चुकून मागे गेला, बायकांच्या छत्र्यांपाशी, उंच गवतात. तुम्ही धावलात, पडलात, आणि चेंडू हातात घेऊन उठलात. एक टप्पा पडून झेल घेतला असेल तर तो बाद आणि सामना तुमचा. दोन पडले असतील तर काहीच नाही. पंचाला छत्र्यांमुळे काही दिसलं नव्हतं. तो आमचाच शाळामास्तर, सरळ माणूस. त्याने तुम्हालाच विचारलं, "मिस्टर व्हिटलॉक, तुमच्या शब्दावर सोडतो. एक की दोन?"

तुम्ही कुठे बघत होतात, माहीत आहे? हातातल्या चेंडूकडे नाही, आमच्या टेबलावर ठेवलेल्या त्या सोनेरी चेंडूकडे बघत होतात. मग म्हणालात, "दोन."

पुढच्याच चेंडूवर हॉर्नबेकने टोला हाणला आणि दोघांनी धावा पुऱ्या केल्या. अठ्ठावीस विरुद्ध सत्तावीस.

तुमचा तो लोहार कप्तान प्रुइट मैदानाच्या मधोमध शिव्या देत ओरडला, "एवढी खोगिरं शिवतोस, एनॉक, एक दिवस आपलं तोंड शिव रे!" त्याला शिव्यांचा दंड झाला, तो त्याने दुप्पट भरला आणि उरलेल्या शिव्या दिल्या.

आता जे लिहितो ते लिहावं की नाही, यावर दोन दिवस घालवले. माझे कान तिखट आहेत, तो माझा दोष नाही. धक्क्यावर तुमची बोट सुटायच्या आधी मी निरोप द्यायला आलो होतो. तुमच्या पत्नी कठड्याशी उभ्या होत्या. तुम्ही त्यांच्या खांद्यावर शाल घालायला गेलात. त्या म्हणाल्या, "राहू द्या. जे खरं तेच करायची तुम्हाला फार हौस. त्या दिवशीही डॉक्टरांचंच खरं केलंत." तुम्ही शाल घडी करून हातात धरून उभे राहिलात. मी तसाच मागे फिरलो.

कच्च्या टाक्यासाठी माणूस चेंडूकडे असा बघत नाही. व्हिटलॉक, त्या चेंडूत काय आहे?

कॉ. व्हॅन आल्स्ट


बार्कर्स लँडिंग,
९ ऑक्टोबर

श्री. व्हॅन आल्स्ट,

या विषयावर पुन्हा लिहिणार नाही असं म्हटलं होतं. पण तुम्ही विचारलंत, आणि गावात कुणाला सांगता येत नाही.

पहिल्या पत्रात मी लोकर मूठभर म्हटलं. ती कुठली ते लिहिलं नाही. ती एका मोज्याची आहे. आमची मुलगी थर्झा मार्चच्या नऊ तारखेला घशाच्या आणि लाल पुरळाच्या तापाने गेली. सहा वर्षांची होती. पाळण्यात धाकटा होता, चार महिन्यांचा. डॉक्टर म्हणाले, तिच्या अंगाला लागलेलं सगळं जाळा, या तापाचं विष लोकरीत वर्षभर टिकतं. केझाया, माझी बायको, म्हणाली, एक मोजा ठेवू. फक्त एक. तिने स्वतः लोकर कातून, मंजिष्ठेत लाल रंगवून विणलेली ती जोडी होती. मी म्हटलं, नाही. पाळण्यातल्याचा विचार कर. मी अंगणात जाळ केला. ती दारात उभी राहून बघत होती. गाऊन टाकला, गोधडी टाकली, बाहुली टाकली. एक मोजा टाकला. दुसरा टाकायला हात गेला आणि तो माझ्या बाहीत शिरला. कसा, ते मला सांगता येत नाही.

तो मी दुकानात नेऊन राखेच्या पाण्यात तीनदा उकळला. उसवला. पण ठेवणार कुठे? केझायाच्या हाती लागला तर ती त्याच दिवशी उराशी धरणार, आणि मग बाळाला घेणार. म्हणून मी तो चेंडूत गुंडाळला. माझ्या दुकानात फळीवर नेहमी पाच-सहा चेंडू असतात, एक जास्त असला तर कुणाला कळणार? ओळख म्हणून कातड्याच्या तोंडाशी एक टाका काळ्या दोऱ्याचा घातला. वर्ष झालं की पुढच्या मार्चमध्ये उसवून तिच्या हातात द्यायचा, असं ठरवलं होतं. तोवर ती मला जाळणारा समजली तरी चालेल.

ऑगस्टच्या सामन्यासाठी केलेला चेंडू प्रुइटने भट्टीजवळ ठेवला आणि त्याचं कातडं तडकलं. मी सकाळपासून मैदानावर गाद्या बांधत होतो. प्रुइट घरी गेला, म्हणाला, वहिनी, एक चांगलासा चेंडू द्या. तिने फळीवरचा सगळ्यात नेटका काढून दिला. तिला हा खेळ आवडत नाही. मार्चपासून तर मुळीच नाही. तरी तिने पुसून दिला, असं प्रुइट म्हणाला.

मी मागे उभा राहून झेलणारा. पहिलाच चेंडू हातात आला आणि काळा टाका दिसला. तेव्हा थांबवता आलं असतं. पण काय सांगून? ती कुंपणाशी उभी होती. सांगितलं असतं तर तिला दोन गोष्टी एकदम कळल्या असत्या. मोजा उरला होता, आणि तो तिनेच देऊन टाकला. मी चेंडू परत फेकला. दिवसभर तो माझ्या हातात येत होता आणि जात होता. तुमचा हॉर्नबेक फार जोराने मारतो.

आणि दोन टप्प्यांचं विचाराल, तर दोन पडले होते. "एक" असं खोटं सांगून आणलेला चेंडू तिच्या हातात देता आला नसता. मागे एकदा मी तिच्यासमोर खोटं वागलो आहे, तेवढं पुरे.

आम्ही आता मोजकंच बोलतो. तुम्ही काही करावं म्हणून हे लिहिलं नाही.

एनॉक व्हिटलॉक


ॲशकिल,
१६ ऑक्टोबर

प्रिय व्हिटलॉक,

नियम गेला चुलीत. काल क्लबात कुणी नव्हतं, मी कपाट उघडलं, सतरा नंबर काढला आणि चाकूने उसवला. सोबतच्या पाकिटात लोकर आहे. लाल, तुम्ही लिहिलीत तशीच. चेंडू मी पुन्हा शिवून ठेवला. माझे टाके बघून तुम्ही हसाल, पण काचेमागे उजेड कमी आहे.

मार्चची वाट बघू नका. तीनदा उकळलेली आहे, आणि दिवसभर उन्हात मार खाल्लेली आहे. आजच द्या. आणि सगळं सांगा, फळीवरून कुणी काढून दिला तेही. माझ्या बायकोने आगीबद्दल मला गेल्या आठवड्यात माफ केलं, ती म्हणाली, आधी कबूल केलं असतंस तर एवढे दिवस गार जेवण जेवला नसतास.

आभार मानू नका.

कॉ. व्हॅन आल्स्ट


बार्कर्स लँडिंग,
११ नोव्हेंबर

श्री. व्हॅन आल्स्ट यांना,

मी केझाया व्हिटलॉक. हे पत्र एनॉकला माहीत नाही.

तुमचं पाकीट आलं त्या संध्याकाळी त्यांनी ते माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. सांगताना ते रडले. सात महिन्यांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मला वाटायचं, ह्यांच्या आत घोड्याचं कातडंच आहे. त्या रात्री आम्ही थर्झाचं नाव घेतलं. ती भोपळ्याच्या बिया कशी लपवून ठेवायची, ते त्यांनी सांगितलं, मला ते माहीतच नव्हतं. आता रोज थोडं थोडं बोलतो. एवढं तुम्ही आम्हाला दिलंत, आणि ते मी विसरणार नाही.

पण पाकिटातली लोकर मी हातात घेतली तेव्हाच मला कळलं. माझा डावा अंगठा लहानपणी दारात सापडून मोडला, तो वाकत नाही. त्यामुळे मी कातलेल्या धाग्यात दर हातभर अंतरावर एक जाडसर गाठ येते. तीस वर्षं येते आहे. थर्झाच्या टाचेला ती टोचायची. मोजा घालताना ती पाय झाडून म्हणायची, "आई, यात खडा आहे." मी म्हणायची, "तो खडा नाही गं, तो मी आहे."

तुमची लोकर मी उजेडात, अंधारात, डोळे मिटून, तीनदा बोटांतून फिरवली. ती गिरणीची आहे. तिच्यात एकही गाठ नाही.

एनॉकला ते ओळखता येत नाही. त्यांनी ती तिच्या स्लेटपाटीशेजारी ठेवली आहे. दुकानात जाताना तिला हात लावून जातात. मी त्यांना सांगणार नाही. त्यांनी माझ्यासाठी सात महिने लपवलं, मी त्यांच्यासाठी उरलेले दिवस लपवीन.

मी रागावलेली नाही. तुम्ही का केलंत ते मला समजतं. पण मला खरं हवं आहे. तो चेंडू मी माझ्या हाताने पुसून प्रुइटला दिला होता. तो कुठे आहे, ते मला कळलं पाहिजे. एनॉक गुरुवारी खोगिरं पोचवायला वरच्या गावी जातात. गुरुवारच्या बोटीने लिहा.

केझाया व्हिटलॉक


ॲशकिल,
१७ नोव्हेंबर

व्हिटलॉक बाई,

गव्हात मूठ घालून शेत ओळखतो असं मी सगळीकडे सांगत फिरतो. तुम्ही ते धाग्यावर करता आणि कुणाला सांगत नाही.

तुम्ही खरं मागितलंत, म्हणून काही सजवत नाही. त्या दिवशी मी सतरा नंबर उसवला तेव्हा आत करडी लोकर निघाली. सोनेरी रंग खरवडून बघितला, शहाण्णव टाके मोजायला गेलो, तर सत्तरच होते, आणि काळा एकही नव्हता. मी कप्तानांना बोलावलं. आधी ते हसले. माझं तोंड बघून मग बसले, आणि सांगितलं.

एनॉकनी पाठवलेले दोन चेंडू मी मोठ्या ऐटीत परत केले ना, त्याने पोरांना सरावाला काही उरलं नाही. तुमचा चेंडू रंगाऱ्याकडे न्यायला कप्तान निघाले होते. रस्त्यात धक्क्यावर पोरं भेटली. त्याची उसळी इतकी छान, की म्हणाली, एक संध्याकाळ खेळू दे. एकीच्या दोन झाल्या. तिसऱ्या दिवशी हॉर्नबेकने टोला मारला आणि चेंडू धक्क्यावरून पाण्यात गेला. ओहोटी होती. होडी काढली, पण हडसन नदीत ओहोटीला काही सापडत नाही. ती तारीख ३० ऑगस्ट. कप्तानांनी दुकानातला एक चेंडू विकत घेऊन रंगाऱ्याला दिला. तो सोनेरी होऊन आला, आणि त्यावर नंबर मीच घातला.

म्हणजे २ ऑक्टोबरला एनॉक ज्याच्याकडे बघत होते, तो हा दुकानातला. ते एक म्हणाले असते तरी त्यांना हाच मिळाला असता. हे त्यांना कधीही सांगू नका.

लाल लोकर मी आमच्या गल्लीतल्या दुकानातून घेतली. तीन छटा बघितल्या. दुकानदारीण म्हणाली, "मिस्टर व्हॅन आल्स्ट, विणायला शिकताय की काय?" मी हो म्हटलं. तुमच्याशी मी खोटं वागलो, आणि मला वाटलं होतं ते पचेल.

क्लबात मी अजून काही बोललेलो नाही. कपाट आहे तिथेच आहे, लोक येऊन बघतात, मी किल्ली फिरवून दाखवतो. सात वर्षांत या कपाटात आलेला एकही चेंडू बाहेर गेलेला नाही, असं मी एनॉकना लिहिलं होतं. ते आजही खरं आहे. तुमचा चेंडू कपाटात कधी आलाच नव्हता.

कॉर्नेलियस व्हॅन आल्स्ट